ठरलेला पगार आणि हाती पडणारा पगार

उसाचा दर जाहीर झाला म्हणजे आष्ट्याचा शेतकरी त्या आकड्याने आपल्या टनांना गुणून मोकळा होत नाही. २०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने सव्वादहा टक्के उताऱ्यास टनामागे ३,५५० रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला. उतारा वाढला की दर चढतो, हे खरे; परंतु त्यातून तोडणी-वाहतूक वजा होणार, मग विकास सोसायटीचे पीककर्ज बिलातूनच परस्पर वळते होणार, आणि उरेल ते बँकेत जमा होणार, हे वाळवे तालुक्यात शाळकरी पोरासही ठाऊक असते. जाहीर दर हा बोलण्याचा आणि जमा रक्कम ही घर चालविण्याची, हा भेद येथील माणसास कोणी शिकवावा लागत नाही.

आश्चर्य असे की, तोच गृहस्थ मुलाच्या विलायतेतील पगाराचा आकडा ऐकतो तेव्हा हा सारा शहाणपणा विसरतो. 'वर्षाला छत्तीस हजार पौंड' हे शब्द कानी पडताच तो पौंडाच्या त्या दिवसाच्या भावाने गुणाकार करतो, बाराने भागतो, आणि येणारा आकडा भावकीत सांगून टाकतो. अलीकडे शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्या मुलांची संख्या लहान गावांतूनही वाढली आहे. बहुतेकांच्या मागे बँकेचे कर्ज आणि कर्जाच्या मागे घर वा शेत तारण असते. अशा वेळी हा गुणाकार केवळ बढाईचा विषय राहत नाही.

समजुतीसाठी असे एक घर डोळ्यांपुढे आणलेले बरे. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. घरची एकरभर जमीन, तिच्यात ऊस. मुलगा २०२४ च्या सप्टेंबरात एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. जमीन बँकेकडे तारण पडली. २०२५ च्या १ ऑक्टोबरला मुलास तेथेच नोकरी लागली. पगार महिना ३,००० पौंड, म्हणजे वर्षाचे ३६,०००. ऑक्टोबरअखेर पहिला पगार झाला व त्याच्या खात्यावर सुमारे २,८४४ पौंड जमा झाले. नोव्हेंबरात तितकेच, डिसेंबरातही तितकेच. घरभाडे, जेवणखाण, जाणेयेणे भागवून ९०० पौंड घरी पाठविता येतील, असा त्याने हिशेब कळविला. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर आणखी काही काळाने, पुष्कळदा वर्षभराने, सुरू होतात. परंतु व्याज वाढू देण्यापेक्षा आताच सुरुवात केलेली बरी, असे वडिलांच्या मनाने घेतले. ते बँकेत गेले आणि नऊशे पौंडांच्या भरवशावर हप्ता बांधून घेऊन, कागदावर सही करून आले.

जानेवारीअखेर जमा झाले सुमारे २,४४० पौंड. फेब्रुवारीत २,३५५. मुलाचा पगार कोणी कमी केला नव्हता, त्याने रजा घेतली नव्हती, की त्याच्यावर दंडही बसला नव्हता. तरी डिसेंबरच्या मानाने महिन्यामागे जवळजवळ ४९० पौंड नाहीसे झाले होते, आणि नऊशेच्या जागी चारशे दहा उरत होते.

हे कसे घडले, हे पाहावयाचे तर प्रथम त्या देशातील कपातीची रीत समजून घ्यावी लागते. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते व पुढील वर्षीच्या ५ एप्रिलला संपते. (१ एप्रिल सोडून ६ च का, याचे मूळ १७५२ सालच्या पंचांगबदलात सांगतात. त्या वर्षी इंग्रजांनी दिनदर्शिकेतून अकरा दिवस वगळले. पण वसुलीचे वर्ष अकरा दिवसांनी आखूड करण्यास खजिना तयार नव्हता.) २०२५-२६ च्या वर्षात पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. त्यापुढे ५०,२७० पर्यंत शेकडा वीस, त्यावर शेकडा चाळीस, आणि १,२५,१४० च्या पुढे शेकडा पंचेचाळीस असे दर इंग्लंडात आहेत. नोकरी ग्लासगोस किंवा एडिनबरोस असेल तर स्कॉटलंडचे दर निराळे, आणि त्यांचे टप्पेही अधिक.

येथे एक गैरसमज हटकून होतो. पगार चाळीस टक्क्यांच्या टप्प्यात गेला की सगळ्या पगारावर चाळीस टक्के कर बसतो, असे समजून पगारवाढीस भिणारी माणसे तिकडेही आहेत आणि इकडेही. वस्तुतः वाढीव दर मर्यादेच्या वरच्या भागावरच बसतो. पाटाचे पाणी एक वाफा भरल्यावर दुसऱ्यात जाते; दुसऱ्यात शिरले म्हणून पहिला वाफा रिकामा होत नाही.

आपल्या उदाहरणातील मुलाचे ३६,००० पौंड धरले तर करमुक्त रक्कम वजा जाता २३,४३० उरतात. त्यांचे वीस टक्के म्हणजे वर्षाचे ४,६८६, महिन्याचे सुमारे ३९० पौंड. याशिवाय दुसरी कपात राष्ट्रीय विम्याची. नाव विम्याचे असले तरी पगारदाराच्या दृष्टीने तो दुसरा करच होय: महिन्याच्या १,०४८ पौंडांवरील रकमेस, वार्षिक ५०,२७० च्या मर्यादेपर्यंत, शेकडा आठ. ३,००० वर ही कपात १५६ पौंड होते. हा दर २०२३ अखेरपर्यंत बारा होता. २०२४ च्या जानेवारीत दहा व एप्रिलात आठ झाला. मालकास स्वतःचा वेगळा हिस्सा भरावा लागतो. तो मुलाच्या पगारातून जात नाही.

तिसरी कपात निवृत्तिवेतनाच्या खात्याची. बावीस वर्षे पूर्ण झालेल्या व वर्षाला १०,००० पौंडांहून अधिक मिळविणाऱ्या नोकरास मालकाने आपण होऊन अशा खात्यात घालावे, असा तेथील कायदा आहे. किमान प्रमाण असे, की ६,२४० ते ५०,२७० पौंडांच्या दरम्यानच्या पगारावर एकूण आठ टक्के जमा व्हावेत. पैकी तीन मालकाचे, पाच नोकराच्या नावचे. त्या पाचांतलाही एक करसवलतीच्या रूपाने सरकार देते. त्यामुळे महिन्यास मुलाच्या हातचे सुमारे ९९ पौंड जातात.

३९०, १५६ आणि ९९ मिळून ६४५. तीन हजारांतून ते वजा केले म्हणजे २,३५५ उरतात. फेब्रुवारीचा आकडा तो हाच. म्हणजे फेब्रुवारीचा पगार कमी नव्हता. तो नेहमीचा होता. जो निराळा होता तो ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरचा.

त्या तीन महिन्यांत कर का कापला गेला नाही? ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक पगाराच्या वेळी एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतचा सगळा हिशेब पुन्हा मांडतात. वर्षाच्या करमुक्त रकमेचा बारावा हिस्सा, म्हणजे हजार-साडेदहाशे पौंड, दर महिन्याला नोकराच्या नावावर साचत जातो. मुलगा ऑक्टोबरात कामावर लागला तेव्हा करवर्षाचा सातवा महिना चालू होता आणि एप्रिलपासून त्याने काहीच मिळविलेले नसल्याने सात महिन्यांचे सुमारे ७,३०० पौंड करमुक्त म्हणून त्याच्या नावावर शिल्लक होते. त्यापुढे ३,००० पगाराचे काय! कर शून्य. नोव्हेंबरअखेर करमुक्त ८,४०० च्या आसपास आणि पगार ६,०००, पुन्हा शून्य. डिसेंबरात ९,४०० विरुद्ध ९,०००, तरीही शून्य. जानेवारीत मात्र पगाराची बेरीज १२,००० झाली आणि करमुक्त रक्कम १०,५०० च्या घरातच राहिली. फरकावर सुमारे ३०० पौंड कर बसला. फेब्रुवारीपासून साठा संपला, तेव्हा पुरे ३९० जाऊ लागले. त्यातच, नव्या नोकरास निवृत्तिवेतनाच्या खात्यात घालणे मालकास तीन महिन्यांपर्यंत लांबविता येते. या मालकाने ते लांबविले होते. ती कपातही जानेवारीतच लागली. दोन्ही गोष्टी कायदेशीर, दोन्ही पगाराच्या चिठ्ठीवर स्वच्छ छापलेल्या. पण चिठ्ठीचा अखेरचा आकडा तेवढा पाहून बाकीचा कागद मिटून ठेवण्याची सवय सर्वत्र सारखीच.

वडिलांना याचा सुगावा का लागला नाही, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. महाराष्ट्रातील शिक्षकास 'फेब्रुवारीचा पगार' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपल्याकडे मालकाने वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावरचा कर महिन्यामहिन्याला कापावा असे आहे. पण पुष्कळ ठिकाणी वर्षभर थोडेथोडे कापून उरलेला बोजा शेवटच्या पगारांवर टाकण्याचा प्रघात पडला. त्या महिन्यात वाण्याची उधारी कशी थोपवावी, याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी चाले. परंतु २०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर सवलतीने माफ झाला आणि ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून पगारदाराची ही मर्यादा १२,७५,००० पर्यंत गेली. या शिक्षकाचा कर त्या वर्षी नाहीसा झाला. त्याच्या पगारपत्रकात राहिले ते भविष्य निर्वाह निधी, गटविमा, महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे मिळून वर्षाचे २,५०० रुपये व्यवसायकर, आणि शिक्षकांच्या पतसंस्थेचा हप्ता. उसाच्या पैशावर तर १८८६ च्या कायद्यापासून आपल्याकडे प्राप्तिकर नाहीच. (पगार कराच्या टप्प्यात आला, तर दर ठरविण्यापुरते शेतीचे उत्पन्न हिशेबात घेतात, हे मात्र अनेक बागायतदारांना नोटीस आल्यावरच कळते.) ज्या घरातून प्राप्तिकर हा शब्दच नुकता बाहेर गेला, त्या घराला तो साडेचार हजार मैलांवरून पुन्हा आत येईल असे वाटले नाही, यात नवल नाही.

या दोन पद्धतींचे नाते मात्र वाटते त्याहून जवळचे आहे. हिंदुस्थानात प्राप्तिकर आला तो १८५७ च्या उठावानंतर रिता झालेला खजिना भरण्यासाठी. १८६० साली जेम्स विल्सन याने तो बसविला आणि त्याच वर्षी तो कलकत्त्यास वारला. पुढे १९३५-३६ मध्ये येथील प्राप्तिकराची चौकशी करण्यास जी समिती आली तिच्यात पॉल चेंबर्स नावाचा तरुण इंग्रज अधिकारी होता. १९३७ ते १९४० तो हिंदुस्थान सरकारचा प्राप्तिकर-सल्लागार होता. मायदेशी परतल्यावर त्याच्यापुढे प्रश्न आला तो युद्धाचा. युद्धापूर्वी ब्रिटनमध्ये कर देणारे चाळीस लाखांच्या आसपास होते. युद्धकाळात कारखान्यांतील कामगारही कराच्या कक्षेत आल्याने ती संख्या एक कोटीच्या वर गेली. कर मागील मिळकतीवर बसे व मागाहून वसूल होई. ज्या कामगाराचा जादा कामाचा पैसा बंद झाला, त्याला गेल्या भरभराटीचा कर आजच्या तुटपुंज्या मजुरीतून द्यावा लागे. त्यावर 'पे ॲज यू अर्न', म्हणजे मिळवाल तसतसा कर द्या, ही योजना तयार झाली. तिच्या उभारणीत चेंबर्सचा मोठा वाटा होता. अर्थमंत्री सर किंग्जले वुड २१ सप्टेंबर १९४३ रोजी ती पार्लमेंटात मांडणार होते; त्याच सकाळी त्यांचा अंत झाला. योजना ६ एप्रिल १९४४ पासून अंमलात आली. एप्रिलपासूनची बेरीज दर पगाराला नव्याने मांडण्याची जी युक्ती, ती त्या योजनेचा कणा होय. ज्या कामगाराची मजुरी मध्येच घटते, त्याला याच युक्तीने जादा कापलेला कर पगारातूनच परत मिळतो. ती माणसाच्या सोयीसाठी निघाली, हे विसरता कामा नये. फक्त वर्षाच्या मध्यावर पहिली नोकरी धरणाऱ्याला ती काही महिने स्वस्ताईचा भास दाखविते.

उलट प्रकारही घडतो, आणि तो अधिक भीती घालतो. नोकरीवर रुजू होताना एक प्रपत्र भरून द्यावयाचे असते व त्यात या करवर्षातील ही पहिलीच नोकरी आहे काय, हे सांगावयाचे असते. तसे सांगितले म्हणजे '१२५७ एल' हा सांकेतिक आकडा मिळतो. १२,५७० मधील शेवटचे शून्य गाळले की तो वाचता येतो. चुकीच्या चौकटीत खूण केली तर 'बी आर' लागतो आणि तीन हजारांवर पुरे सहाशे पौंड जातात. प्रपत्र दिलेच नाही तर 'शून्य टी', आणि फळ जवळपास तेच. असा पैसा बुडत नाही. आकडा दुरुस्त झाला की तो पुढील पगारातून परत येतो, नाही तर वर्षअखेर मागता येतो, आणि मागण्याची मुदत चार वर्षांची आहे. नवा मुलगा मात्र ही आपली नेहमीची कपात समजून गप्प बसतो, आणि घरी कळवितो की या देशात काही उरत नाही. त्याने पगाराच्या चिठ्ठीवरील तो आकडा तेवढा वाचावा.

जानेवारीची चिठ्ठी पाहून वडिलांनी मुलास पहिली सूचना केली ती निवृत्तिवेतनाची कपात बंद करण्याची. चोविसाव्या वर्षी पेन्शन कसली, हप्ता आधी! महिन्याच्या आत तसे कळविल्यास कापलेली रक्कम परतही मिळते. सूचना स्वाभाविक होती, परंतु शहाणपणाची नव्हती. मुलाच्या हातचे ९९ पौंड जातात, त्यात सरकारचे सुमारे पंचवीस आणि मालकाचे सुमारे चौऱ्याहत्तर मिळून खात्यावर १९८ पडतात. आपल्या एका पौंडाचे पहिल्याच दिवशी दोन करून देणारे दुसरे खाते शोधून सापडणार नाही. अडचण एवढीच, की तो पैसा पंचावन्न वर्षांच्या आत सामान्यतः हाती येत नाही, आणि २०२८ च्या एप्रिलपासून ही अट सत्तावन्नची होणार आहे. मुलाने येथे वडिलांचे ऐकले नाही, हे बरे केले.

राष्ट्रीय विम्याविषयी त्यांचा प्रश्न अधिक योग्य होता: हे पैसे भरून मिळते काय? सरकारी निवृत्तिवेतनाचा काहीही अंश मिळण्यास तेथे साधारणपणे दहा वर्षांची भर लागते, पुरे मिळण्यास पस्तीस वर्षांची. मुलगा चार वर्षांनी परतला तर हाती काही लागण्याचा संभव थोडा. शिवाय परदेशी माणसाने सरकारी दवाखान्याचा अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड परवान्याच्या अर्जासोबतच आगाऊ भरलेले असतात, ते निराळेच. भारत व ब्रिटन यांचा व्यापारी करार २४ जुलै २०२५ रोजी झाला, त्याच्या जोडीस तीन वर्षांपर्यंत दुहेरी विमा-वर्गणी टाळण्याची तरतूद ठरली, असे वाचून वडिलांना आशा वाटली. पण ती सवलत भारतातील कंपनीने तात्पुरत्या कामासाठी तिकडे पाठविलेल्या नोकरांची आहे. तिकडेच नोकरी धरलेल्या मुलास ती लागू नाही.

हाती पडलेल्या २,३५५ पौंडांचाही सगळा भाग मोकळा नसतो. आष्ट्यात घरपट्टी घरमालक भरतो. इंग्लंडात तिच्यासारखाच जो स्थानिक कर आहे, तो सामान्यतः घरात राहणाऱ्याने, म्हणजे भाडेकरूने, भरावयाचा असतो. शिकत असता विद्यार्थ्यास तो माफ होता. शिक्षण संपताच ती माफी संपली. सुदैवाने हा मुलगा चौघांच्या घरात एक खोली घेऊन राहिला होता व भाड्यातच तो कर धरलेला होता. स्वतंत्र घर घेतले असते तर महिन्याला आणखी शंभर-दीडशे पौंडांचा खड्डा पडता.

घरी पाठविलेल्या पैशावर येथे पुन्हा कर द्यावा लागेल काय, अशीही शंका निघाली. मुलगा कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरला की त्याच्या तिकडच्या पगारावर इकडे कर नाही. आणि मुलाने आईबापांस दिलेली रक्कम ही नातलगाची देणगी असल्याने तिच्यावरही नाही. त्या पैशाची ठेव केली तर तिचे व्याज मात्र आईबापांचे उत्पन्न होते.

राहिला प्रश्न बँकेचा. हप्ता नऊशे पौंडांच्या हिशेबाने बांधला गेला होता आणि येणार होते चारशे दहा. तारण जमीन घरातल्या चौघांच्या ताटाशी बांधलेली. वडिलांनी फेब्रुवारीची चिठ्ठी छापून घेतली, तिच्यावर प्रत्येक कपातीपुढे मराठीत शब्द लिहिला, आणि ती घेऊन ते बँकेत गेले. कर्जाच्या मूळ अटींप्रमाणे हप्ते सुरू होण्यास अजून अवधी होता. तो सोडून देण्याचा अर्ज त्यांनीच केला होता. आता तो मागे घेण्याचा अर्जही त्यांनाच करावा लागला. शाखाधिकाऱ्याने वरच्या कार्यालयाकडे लिहिले. उत्तर येण्यास मार्च उजाडला. तोपर्यंतचे दोन हप्ते उसाच्या बिलातून भरले गेले. तोडणी-वाहतूक आणि सोसायटी वजा जाता जे उरले होते, ते बहुतेक त्यातच संपले.

एप्रिलच्या सहा तारखेला विलायतेत नवे करवर्ष लागले. या खेपेस मुलाने घरी पाठविण्याचा आकडा कळविला तो ३५० पौंडांचा, आणि सोबत पगाराची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी.